जावा ८ वरून १७ वर गेलात आणि अ‍ॅप मंदावलं? कारण असं शोधा

अपग्रेड झालं, सगळ्या टेस्ट पास झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सपोर्टमधून फोन आला की काल पटकन उघडणारं पान आज नुसतं फिरत बसलंय. घाबरू नका. बहुतेक वेळा जावा १७ स्वतः मंद नसते. ८ मध्ये काही गोष्टी जेव्हीएम एका पद्धतीने ठरवत होती, १७ मध्ये ती त्या वेगळ्या पद्धतीने ठरवते, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. ती बदललेली गोष्ट आपण शोधणार आहोत. क्रम मात्र आपल्या मनाने मोडायचा नाही. मधली पायरी गाळली की पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात.

हाताशी एवढं ठेवा: प्रॉडक्शनसारखंच एक टेस्ट सर्व्हर, त्यावर जावा ८ आणि जावा १७ दोन्ही, लोड टाकायला जेमीटर किंवा गॅटलिंग, आणि आकडे लिहायला एक साधी शीट. दोन्हीकडे पूर्ण जेडीके हवं. नुसत्या जेआरईमध्ये आपल्याला लागणारं जेसीएमडी हे साधन नसतं.

आज्ञा मी शेजारी बसून तोंडी सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत. 'एक्सएक्स प्लस यूज पॅरलल जीसी' असं वाचलंत की डॅश, एक्सएक्स, कोलन, प्लस आणि मग सगळं नाव सलग टाइप करा, मध्ये मोकळी जागा न सोडता. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि जीसी पूर्ण मोठ्या अक्षरांत. एक अक्षर जरी लहान राहिलं तरी जेव्हीएम उठणार नाही.

चला, सुरू करू.

१. प्रॉडक्शन परत जावा ८ वर न्या. लोक खोळंबलेले असताना शांत डोक्याने तपास होत नाही. इथे चूक होते ती अशी: नवी जार १७ साठी कंपाइल केलेली असेल तर ८ ती उघडतच नाही, 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' म्हणून थांबते. म्हणून फक्त जावा बदलू नका, जुन्या बिल्डची जारच परत लावा.

२. तक्रार आकड्यांत लिहा. कोणती एपीआय, आधी किती मिलिसेकंद, आता किती. नुसती सरासरी घेऊ नका. पी५०, पी९५ आणि पी९९ असे तीन आकडे घ्या, म्हणजे शंभरातल्या पन्नास, पंच्याण्णव आणि नव्व्याण्णव विनंत्या किती वेळेच्या आत उरकतात ते. पी५० जागेवर आहे आणि पी९९ तेवढा उडालाय, तर संशय मधूनमधून लागणाऱ्या थांब्यांवर जातो. तिन्ही सारखेच वाढले असतील तर प्रत्येक विनंतीमागचं काम वाढलंय. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे, तेव्हा आळस नको.

३. त्याच आकड्यांशेजारी मंदपणा केव्हा जाणवतो ते लिहा: फक्त अ‍ॅप सुरू होताना, पहिली काही मिनिटं, दिवसभर, की अधूनमधून झटके.

४. दोन्ही जावांवर एकच जार चालवायची तयारी करा. माझ्या मते सगळ्या तपासातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. अपग्रेडच्या नावाखाली बहुतेक टीम एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: जावा १७, सोबत स्प्रिंग बूट ३, त्यासोबत हायबरनेट ६, आणि वर नवी बेस इमेज. मग दोष जावाला लागतो, आणि खरा चोर हायबरनेटने तयार केलेली एखादी वेगळी क्वेरी असू शकते. म्हणून जावा ८ साठी कंपाइल केलेली जुनीच जार घ्या आणि तीच जशीच्या तशी १७ वर चालवा. स्प्रिंग बूट ३ ला किमान १७ लागते, ते ८ वर चालणार नाही, २.७ मात्र दोन्हीकडे चालतं. १७ वर 'इनअ‍ॅक्सेसिबल ऑब्जेक्ट' असा एक्सेप्शन आला तर लायब्ररी बदलायला धावू नका. तात्पुरता 'अ‍ॅड ओपन्स' हा पर्याय देऊन पुढे चला.

५. दोन्ही चाचण्यांना एकच मशीन, एकच बेस इमेज आणि कंटेनरची तीच सीपीयू-मेमरी मर्यादा द्या. एक अल्पाइनवर आणि दुसरी डेबियनवर असेल तर ती तुलनाच नव्हे. लॅपटॉपवर तर हे करूच नका. तो तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि तुम्ही जावाला बोल लावत बसता.

६. लोड टाकणारं साधन दुसऱ्या मशीनवर ठेवा. जेमीटर आणि अ‍ॅप एकाच सीपीयूसाठी भांडायला लागले की आकड्यांना अर्थ उरत नाही.

७. जावा ८ वर पंधरा मिनिटं लोड द्या आणि पहिल्या पाच मिनिटांचे आकडे टाकून द्या. नुकतीच उठलेली जेव्हीएम कोड कंपाइल करत असते, तेव्हा ती मंद दिसणारच. अपवाद एकच: तिसऱ्या पायरीत 'फक्त सुरुवातीला मंद' असं लिहिलं असेल तर नेमकी हीच पाच मिनिटं जपून ठेवा.

८. आता तेवढाच लोड १७ वर द्या.

९. हीच जोडी आणखी दोनदा चालवा, आलटून पालटून: ८, १७, ८, १७. आधी ८ च्या सगळ्या आणि मग १७ च्या सगळ्या असं नको. मधल्या वेळात डेटाबेसचा कॅश गरम होतो आणि फरक फसवा निघतो.

१०. ८ च्या तिन्ही फेऱ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. ८ चे स्वतःचेच आकडे दहा टक्क्यांनी हलत असतील तर १७ मधला सात टक्क्यांचा फरक हा फरकच नाही. आणि दोन्ही जावा बरोबरीत निघाल्या तर आनंदाची बातमी आहे: जावा निर्दोष. थेट १९ व्या पायरीवर जा, गुन्हेगार लायब्ररीत किंवा इमेजमध्ये आहे.

फरक खरा निघाला? मग आता जेव्हीएमलाच विचारू की तिने स्वतःहून काय काय ठरवलंय.

११. १७ वरचं अ‍ॅप चालू असताना 'जेसीएमडी', मग प्रोसेसचा नंबर, मग 'व्हीएम डॉट फ्लॅग्ज' अशी आज्ञा द्या. कंटेनरमध्ये प्रोसेसचा नंबर बहुधा १ असतो. माहीत नसेल तर नुसतं 'जेसीएमडी' लिहा, यादी येते. अ‍ॅप ज्या यूझरने चालू आहे त्याच यूझरने आज्ञा द्या, नाहीतर जोडणी होत नाही. एक लांबलचक ओळ येईल. ती तशीच उचलून शीटमध्ये ठेवा आणि ८ वरही हेच करा.

१२. दोन्ही ओळींत 'यूज' ने सुरू होणारं आणि 'जीसी' ने संपणारं नाव शोधा. ८ मध्ये बहुतेक पॅरलल दिसेल, १७ मध्ये जी१. पण १७ मध्ये 'सीरियल' दिसलं तर तिथेच थांबा, कारण बहुधा सापडलंय! कंटेनरला दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिली असेल, तर जेव्हीएम त्याला छोटं मशीन समजते आणि एकाच थ्रेडवर कचरा गोळा करणारा सीरियल निवडते. दीड जीबीच्या पॉडवर हेच होतं. मर्यादा वाढवा, किंवा कोणता जीसी हवा ते स्वतः लिहून द्या. आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये सीएमएस असेल तर ती ओळ काढा. तो जीसी १७ मध्ये उरलेलाच नाही.

१३. त्याच ओळीत 'मॅक्स हीप साइझ' पाहा. आकडा बाइटमध्ये असतो. १०७३७४१८२४ म्हणजे १ जीबी, ५३६८७०९१२ म्हणजे त्याच्या निम्मा. इथे एक ठरलेला अपघात होतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये 'प्रिंट जीसी डेट स्टॅम्प्स' सारखा पर्याय असतो, तो पाहिल्यावर १७ उठायलाच नकार देते. घाईत कुणीतरी पर्यायांची ती सगळी ओळ उडवतं, अ‍ॅप उठतं, सगळे खूश. पण त्याच ओळीत 'एक्सएमएक्स' पण होतं! ते गेलं की जेव्हीएम कंटेनरच्या मेमरीचा फक्त चौथा हिस्सा हीपला देते. २ जीबीच्या पॉडमध्ये ५१२ एमबी, आणि त्यात बिचारं अ‍ॅप सतत कचराच उचलत बसतं. जुनी स्क्रिप्ट गिटमधून काढा आणि शब्दाशब्दाने ताडून पाहा. 'एक्सएमएक्स' परत देताना मात्र कंटेनरची सगळी मेमरी त्याला देऊन टाकू नका. थ्रेड, मेटास्पेस, बफर हे सगळं हीपच्या बाहेर असतं. जागा उरली नाही की कंटेनर १३७ कोड देऊन मरतो.

१४. जेव्हीएमला किती सीपीयू दिसतात ते तपासा. १७ वर 'जावा', मग 'डॅश एक्सशोसेटिंग्ज कोलन सिस्टम', मग 'डॅश व्हर्जन' लिहा. लिनक्सवर सीपीयू आणि मेमरीची मर्यादा छापून येते. ८ साठी 'रनटाइम'मधलं 'अव्हेलेबल प्रोसेसर्स' छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. कंटेनरला २ सीपीयू दिलेत, आणि ८ म्हणतेय १६? मग तुमची जावा ८ जुन्या अपडेटची आहे आणि तिला कंटेनरची भिंत दिसतच नव्हती. सीग्रुपची दुसरी आवृत्ती वापरणाऱ्या सर्व्हरवर ८ ला ही भिंत ३७२ क्रमांकाच्या अपडेटपासून दिसते, त्याआधी नाही. तोवर ती पूर्ण सर्व्हरच्या हिशोबाने हीप आणि थ्रेड घेत होती, आणि १७ इमानदारीने दिलेल्या दोनच सीपीयूंत बसतेय. अशा वेळी १७ ला दोष देऊ नका, पॉडची मर्यादा खऱ्या गरजेइतकी करा.

१५. १७ वर एकच पर्याय घालून लोड पुन्हा द्या: 'एक्सएक्स प्लस यूज पॅरलल जीसी'. आकडे ८ च्या बरोबरीला आले की कारण जीसी आहे हे नक्की. रात्रीचं बॅच काम असेल, जिथे मधले थांबे कुणाला टोचत नाहीत, तिथे पॅरलल खुशाल कायम ठेवा. ग्राहकासमोरची एपीआय असेल तर घाई नको. हीप मोठी असेल तर पॅरललचे थांबे लांब होऊ शकतात. पॅरलल काढा, जी१ वर परत या आणि पुढची पायरी करा. पॅरललनेही काहीच बदललं नसेल तर थेट १७ व्या पायरीवर उडी मारा.

१६. जीसीचा लॉग सुरू करा: 'डॅश एक्सलॉग कोलन जीसी', लगेच फुली म्हणजे स्टार, मग 'कोलन फाइल', बरोबरचं चिन्ह आणि फाइलचं नाव. हे सगळं अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर शेल त्या स्टारचा भलताच अर्थ लावू शकतो.

लोड देऊन फाइल उघडा आणि फक्त दोन शब्दजोड्या शोधा. पहिली 'पॉज फुल'. चांगल्या चाललेल्या जी१ मध्ये ही दिसायलाच नको. दिसली तर बहुधा हीप अपुरी आहे. दुसरी 'ह्यूमंगस अ‍ॅलोकेशन'. हिच्याजवळ जरा थांबू, कारण ८ वर पॅरलल वापरणाऱ्यांना ही अडचण कधी आलेलीच नसते. जी१ हीपचे सारख्या मापाचे तुकडे करते, आणि अर्ध्या तुकड्याएवढी किंवा त्याहून मोठी वस्तू तिला वेगळी, सलग जागा काढून ठेवावी लागते. 'जेसीएमडी', प्रोसेसचा नंबर आणि 'जीसी डॉट हीप अंडरस्कोर इन्फो' लिहा. 'रीजन साइझ' पुढे १०२४के दिसलं की तुकडा १ एमबीचा. म्हणजे तुमचं अ‍ॅप ६०० केबीची पीडीएफ पावती बाइट अ‍ॅरेमध्ये तयार करत असेल, तर प्रत्येक पावती ह्यूमंगस! २ जीबीच्या हीपवर असाच तुकडा मिळतो. 'एक्सएक्स कोलन जी१ हीप रीजन साइझ बरोबर ४एम' द्या, की ती पावती साध्या वस्तूंच्या रांगेत जाते. हा आकडा दोनाच्या घातातला हवा, १ ते ३२ एमबीच्या आत. उगाच ३२ देऊ नका. छोट्या हीपमध्ये मग मोजकेच तुकडे उरतात आणि जी१ ला हालचालीला जागा राहत नाही.

१७. जीसी निर्दोष असेल तर फ्लाइट रेकॉर्डिंग घ्या, दोन्ही जावांवर. 'जेसीएमडी', प्रोसेसचा नंबर, 'जेएफआर डॉट स्टार्ट', मग 'ड्युरेशन बरोबर १२०एस', 'सेटिंग्ज बरोबर प्रोफाइल' आणि 'फाइलनेम बरोबर' पुढे पूर्ण पाथ. नुसतं नाव दिलंत तर फाइल अ‍ॅपच्या चालू फोल्डरमध्ये जाते आणि शोधत बसावं लागतं. ओपनजेडीके ८ मध्ये ही सोय २६२ क्रमांकाच्या अपडेटपासून आहे. दोन्ही फाइल जेडीके मिशन कंट्रोलमध्ये शेजारी शेजारी उघडा आणि १७ मध्ये वर चढलेल्या मेथड पाहा. यादीत मॉनिटरिंग एजंटची पॅकेजं दिसली तर 'जावाएजंट' चा पर्याय काढून एक फेरी चालवा. १७ साठी न बनवलेला जुना एजंट अ‍ॅपला चांगलाच मागे ओढू शकतो. फेरी संपली की एजंटची नवी आवृत्ती लावा, नाहीतर प्रॉडक्शन आंधळं राहील. अ‍ॅपच्या लॉगमध्ये 'कोडकॅश' किंवा 'कोडहीप' आणि 'इज फुल' हे शब्दही शोधून घ्या. सापडले तर कंपाइल केलेल्या कोडची जागा भरलीये आणि कंपायलर बंद पडलाय. जुन्या स्क्रिप्टमधून आलेली 'रिझर्व्ह्ड कोड कॅश साइझ'ची छोटी मर्यादा काढून टाका.

१८. अजून काही हाती लागलं नसेल आणि तुमचं अ‍ॅप वयाने मोठं असेल, तर १७ वर 'एक्सएक्स प्लस यूज बायस्ड लॉकिंग' घालून एक फेरी चालवा. ८ मध्ये ही सोय आपोआप चालू असायची, १७ मध्ये बंद असते. व्हेक्टर, हॅशटेबल, स्ट्रिंगबफर वापरणारा जुना कोड एकाच थ्रेडमध्ये लाखो वेळा कुलूप लावतो-काढतो, आणि ते तेव्हा जवळजवळ फुकटात होत होतं. ही गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये ठळक दिसेलच असं नाही, म्हणून थेट चाचणी बरी. वेग परत आला की कारण मिळालं. पण हा पर्याय प्रॉडक्शनमध्ये ठेवून निश्चिंत होऊ नका. १७ मध्येही त्याबद्दल इशारा छापून येतो आणि २१ वर तो चालणार नाही. खरा उपाय कोडमध्ये आहे: एकाच थ्रेडच्या वापरात असेल तिथे अ‍ॅरेलिस्ट, हॅशमॅप, स्ट्रिंगबिल्डर. अनेक थ्रेड एकच वस्तू वाटून घेत असतील तिथे मात्र ही अदलाबदल आंधळेपणाने केलीत तर डेटा बिघडेल. मॅपसाठी कॉन्करंट हॅशमॅप वापरा.

१९. आता बाकीचे बदल एकेक करून परत आणा. आधी १७ साठी कंपाइल केलेली जार. मग नवी बेस इमेज. मग स्प्रिंग बूट ३ आणि त्यासोबतचं हायबरनेट. प्रत्येकानंतर तोच पंधरा मिनिटांचा लोड. ज्या पायरीवर आकडे बिघडतील तिथे थांबा, पुढे जाऊ नका. स्प्रिंगच्या पायरीवर बिघडले तर एसक्यूएल लॉग चालू करून एकाच विनंतीच्या क्वेरी मोजा, जुन्या जारवर आणि नव्या जारवर. आधी दोन आणि आता बेचाळीस असं दिसलं की जेव्हीएमचा नाद सोडा, काम मॅपिंगमध्ये आहे.

२०. तपासासाठी घातलेले सगळे पर्याय काढा आणि फक्त सिद्ध झालेला उपाय ठेवून शेवटची फेरी चालवा. 'असू दे, नुकसान तर नाही' म्हणून चार फ्लॅग मागे ठेवायचा मोह होईल. तेच पुढच्या अपग्रेडला आडवे येतात.

२१. ठेवलेल्या पर्यायाच्या वर, स्क्रिप्टमध्येच, एक ओळ लिहा: हा का आहे आणि तो नसताना पी९९ किती होता.

२२. प्रॉडक्शनमध्ये एकाच पॉडवर १७ लावा, बाकीचे ८ वरच राहू द्या. शनिवारी संध्याकाळी लावून सोमवारी 'सगळं छान' म्हणू नका. कामाच्या दिवसातली सर्वांत गर्दीची वेळ, आणि पगार किंवा बिलिंगचं अ‍ॅप असेल तर महिनाअखेर, त्या पॉडवरून जाऊ द्या. त्याचा पी९९ शेजारच्या पॉड्सच्या बरोबरीत राहिला की पुढचा पॉड बदलायला घ्या.